बटणावरचा अंगठा

हर्णैच्या बर्फ कारखान्यावर, वरच्या खोलीत,
दर बुधवारी, लिलाव आटोपल्यावर,
अकरा खुर्च्या गोल मांडतात.
टेबल नाही, फळा नाही.
हात कुठे ठेवावेत हे मला
पहिले तीन बुधवार कळलंच नाही.

बोलावणं मच्छीमार सोसायटीचं:
'व्यक्तिमत्त्व व व्यवसाय विकास, चहासह.'
आले दोन नाखवे, बर्फाचा मॅनेजर,
आरोग्य केंद्रातल्या सिस्टर रागिणी धोपट,
सोसायटीचे हिशेब बघणारी हनीफा परकार,
सुकटवाल्या तिघी, आणि मी,
तेवीस वर्षं विज्ञान शिकवणारा मास्तर,
कोणी विचारायच्या आधीच उत्तर खिशात असलेला.
अकराव्या खुर्चीवर पिशव्या.

चिपळूणहून येणाऱ्या वत्सला केळसकर
काही शिकवतच नाहीत.
बसतात. बघतात. एवढंच म्हणतात,
"इथे कुणी कुणाला दुरुस्त करायचं नाहीये."
मग खाली बर्फ फोडायचं यंत्र बोलत राहतं
आणि आम्ही आपापल्या चपलांकडे बघतो.
सिस्टर दोनदा म्हणाल्या, "चहा येईल आता."

चौथ्या बुधवारी दामू चोगलेने घसा खाकरला.
"माझा तांडेल सोडून गेला. अठरा वर्सं होता.
वायरलेसवर, चार बोटी ऐकत असताना,
आईवरून बोललो त्याला.
बोटीवर इंजिनचा आवाज, वरडावंच लागतं.
पन घरात तर इंजिन नाय.
तिथं पन मी वरडतोच."

माझे तीन मुद्दे तयार होते.
एक, माफी. दोन, पगारवाढ.
तिसरा आता आठवत नाही, पण चांगला होता.
तोंड उघडलं तेवढ्यात बाईंनी हात वर केला:
"गुरुजी, तो काय म्हणाला, ते आधी त्याला सांगा."

आणि मला सांगता येईना.
इतका जवळ बसलो होतो, की त्याच्या बाहीला
चिकटलेलं खवलं दिसत होतं,
आणि ऐकलं होतं ते फक्त माझंच.

हनीफा म्हणाली, हळू, वहीत बघून बोलल्यासारखी,
"इंजिन बंद झालंय, दामूभाऊ,
पण कानातलं अजून चालू आहे. असंच ना?"
"तसंच," दामू म्हणाला.
मग बराच वेळ काही नाही.
सुकटवाल्या पार्वतीने त्याच्याकडे न बघता
डोळे पुसले. स्वतःचे.

जिना उतरताना दामूने मला गाठलं.
"वायरलेस वापरलात कधी?
बटन दाबून बोलायचं, 'ओव्हर' म्हनून सोडायचं.
दाबलेलं असेल तवर पलीकडचा बुडत असला
तरी ऐकू येनार नाय.
मला माझं उमगलं म्हनून बोलतो, राग मानू नका.
गुरुजी, तुमचा बी अंगठा बटनावर हाय."

राग आला.
रात्रीच्या जेवणापर्यंत टिकला.

मग एका सकाळी आठवीत विचारलं,
भरती रोज उशिरा का येते?
यज्ञेश भुवड उठून म्हणाला,
"समुद्राला दम लागतो."
वर्ग हसला. 'चूक, बस खाली'
माझ्या जिभेच्या टोकाशी येऊन उभं.
अंगठ्याकडे पाहिलं. खडू होता तिथे.
म्हटलं, "असं का वाटलं तुला?"
आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदा
प्रश्न माझा असून
उत्तर मला माहीत नव्हतं.

तो सात मिनिटं बोलला. आजोबांच्या छातीबद्दल.
खाटेवरून दारापर्यंत यायला त्यांना
रोज थोडा जास्त वेळ लागतो,
तो हा मनात आकडे म्हणत मोजतो.
चंद्राचा धडा राहिला.
चंद्र काय, उद्याही आहे,
पन्नास मिनिटं उशिरा.

दामूचा तांडेल परत आलेला नाही.
दामू घरी अजून ओरडतो,
फक्त मध्येच, वाक्य अर्धं असताना, थांबतो,
आणि पोरं एकमेकांकडे बघून विचारतात,
"बाबा, लाईन गेली काय?"